जर्नल स्क्वेअरचे स्टॅन्ली : चित्रमहाल ते संमेलनगृह

स्मरणिकेतल्या इतिहासाला बहुधा एक संस्थापक असतो, त्याचा हार घातलेला फोटो असतो आणि पहिल्या बैठकीची तारीख असते. जर्सी सिटीतल्या स्टॅन्ली थिएटरच्या बाबतीत यातले काहीच नीट जमत नाही. वास्तू उभारली एकांनी, नाव लागले दुसऱ्याचे, वैभव भोगले तिसऱ्यांनी, आणि वाचवली ती आपले नाव कुठेच लावायचे नाही अशी रीत असलेल्या माणसांनी. १९८५ मध्ये हे थिएटर यहोवाच्या साक्षीदारांचे संमेलनगृह झाले. त्याला चाळीस वर्षे उलटली, आणि मूळ इमारत शंभरीला टेकली आहे. साक्षीदार मंडळी वाढदिवस साजरे करत नाहीत. तेव्हा हे कौतुक त्यांच्या वतीने केलेले नाही. चौकातल्या मराठी रहिवाशांनी आपल्या स्मरणिकेत शेजारच्या वास्तूला दिलेला हा मान समजावा.

१९२० चे दशक : चांदण्यांखाली चार हजार खुर्च्या

जर्नल स्क्वेअर हा चौक घडवला रेल्वेने. हडसन नदीखालच्या बोगद्यातून धावणारी गाडी १९१२ मध्ये समिट अव्हेन्यूच्या स्थानकापर्यंत आली आणि मॅनहॅटन हाकेच्या अंतरावर आले. 'जर्सी जर्नल' या दैनिकाने चौकाला नाव दिले. माणसे उतरू लागली तशी दुकाने आली, बँका आल्या आणि लगोलग करमणूकही आली. १९२२ मध्ये स्टेट थिएटर उघडले. सहा वर्षांनी हडसन बुलेवार्डवर, म्हणजे आजच्या केनेडी बुलेवार्डवर, स्टॅन्ली उभे राहिले.

वास्तुविशारद होते फ्रेड वेस्ली वेंटवर्थ. पॅटरसन या गिरणगावात त्यांची बरीचशी कारकीर्द गेली. तिथल्या जेकब फेबियन यांच्यासाठी त्यांनी न्यू जर्सीत अनेक चित्रगृहे बांधली होती. फेबियनांचा धंदा पुढे फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली कंपनीशी जोडला गेला. ही कंपनी ज्यूल्स मास्टबाम यांची. स्टॅन्ली हा त्यांचा अकाली वारलेला भाऊ, त्याचे नाव त्यांनी कंपनीला दिले होते. त्यामुळे ज्याने जर्सी सिटीतले हे थिएटर कधी पाहिले नाही, त्याच्या नावाने ते आजतागायत ओळखले जाते. आसने ४,३३२. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर चार वेळा भरेल एवढी माणसे इथे एका खेळाला बसत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या चित्रगृहांत त्याची गणना होत असे.

आतली रचना त्या काळच्या 'ॲटमॉस्फेरिक' शैलीची होती. या शैलीत प्रेक्षागृह बंद दालनासारखे दिसत नाही. आपण व्हेनिसमधल्या एखाद्या वाड्याच्या अंगणात संध्याकाळी बसलो आहोत असे वाटावे, अशी सगळी मांडणी असते. दोन्ही बाजूंना कमानी, सज्जे, खिडक्या, आणि वर गडद निळे छत. त्यात बारीक दिव्यांच्या चांदण्या, आणि ढगांचा भास करून देणारा प्रकाशयंत्राचा खेळ. बाहेर तांब्याचा मोठा दर्शनी छज्जा. तीन मजले उंच दर्शनी दालनात संगमरवरी खांब, रंगीत काचा, मखमल आणि स्फटिकांचे भलेमोठे झुंबर. गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत राबणाऱ्या माणसाला थोडक्या पैशांत दोन-तीन तास राजवाड्यात बसता यावे, यावर हा सगळा व्यवहार चालला होता.

झुंबराविषयी एक गोष्ट इथे हमखास ऐकवली जाते. ते म्हणे न्यूयॉर्कच्या जुन्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलातून आले, जिथे पुढे एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. गोष्ट सुंदर आहे. पण ते हॉटेल बंद झाले १९२९ च्या मे महिन्यात, आणि स्टॅन्लीचा पडदा वर गेला त्याच्या वर्षभर आधी. हॉटेलाने ते झुंबर आधीच काढून विकले असेल, तर मात्र हिशेब जुळतो. एवढे म्हणून आम्ही ही आख्यायिका आख्यायिकेच्या जागी ठेवतो.

उद्घाटन झाले २४ मार्च १९२८ रोजी, नगराध्यक्ष फ्रँक हेग यांच्या साक्षीने. चित्रपट होता नॉर्मा टालमॅज यांचा 'द डव्ह', आणि सोबत वॉडव्हिल, म्हणजे गाणी, नकला, कसरती आणि जादू यांची मिसळ. पुढल्या वर्षी २८ सप्टेंबरला चौकातच लोज जर्सी हे तिसरे थिएटर उघडले. त्यानंतर महिन्याभरात वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळला.

१९३० आणि ४० ची दशके : बोलपट, हेग आणि पत्रके

स्टॅन्ली उघडले तेव्हाच त्याच्या अर्ध्या धंद्याची घटका भरली होती. १९२७ च्या ऑक्टोबरात 'द जॅझ सिंगर' आला आणि पडदा बोलू लागला. त्या बोलत्या चित्रपटाची निर्माती वॉर्नर ब्रदर्स. तिने १९२८ मध्येच सगळी स्टॅन्ली कंपनी विकत घेतली. वॉडव्हिल हळूहळू मागे पडले. तरी रंगमंच होता म्हणून कलावंत येत राहिले. जिमी ड्युरांटी आणि थ्री स्टूजेस यांचे कार्यक्रम इथे झाल्याचे जुने रहिवासी सांगत आले आहेत. मंदीच्या काळात बेकार माणूसही आठवड्याला एकदा सिनेमाला जात असे. हिवाळ्यात घरच्या थंडीपेक्षा थिएटरातली ऊब परवडत होती, हेही त्याचे एक कारण असावे.

या दशकातली थिएटरबाहेरची एक गोष्ट नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९१७ ते १९४७ अशी तीस वर्षे हेग यांची शहरावर सत्ता होती. त्यांच्या अमदानीत कामगार संघटनांना सभा घ्यायला आणि रस्त्यावर पत्रके वाटायला मज्जाव होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जून १९३९ मध्ये 'हेग विरुद्ध सीआयओ' या खटल्याचा निकाल नगराध्यक्षांच्या विरोधात लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यू जर्सीच्याच आयर्विंग्टन गावचा दुसरा निकाल आला. परवान्याशिवाय दारोदार जाऊन धर्मपुस्तिका वाटल्याबद्दल दंड झालेल्या एका बाईंची बाजू न्यायालयाने उचलून धरली. त्या यहोवाच्या साक्षीदार होत्या. ज्यांनी दिमाखात स्टॅन्लीचे दार उघडले ते पत्रकबंदीचे पुरस्कर्ते, आणि ज्यांच्या हाती ते दार अखेर आले त्यांचा सारा धर्मप्रचारच हाती पुस्तिका घेऊन घरोघर जाण्याचा. हा योगायोग आमच्या चौकाच्या इतिहासातला सर्वांत गमतीचा आहे असे आम्हाला वाटते.

साक्षीदार आणि सिनेमा यांचे नातेही याहून जुने निघते. 'यहोवाचे साक्षीदार' हे नाव त्यांनी १९३१ मध्ये घेतले. त्याआधी ते 'बायबल स्टुडंट्स' म्हणवत. १९१४ मध्ये त्यांनी 'फोटो-ड्रामा ऑफ क्रिएशन' हा आठ तासांचा, चार भागांचा कार्यक्रम तयार केला. चलत्चित्रे, रंगीत काचचित्रे, आणि त्यांच्याशी जुळवलेल्या ध्वनिमुद्रिका. तो गावोगावच्या थिएटरांत फुकट दाखवला जाई. म्हणजे पडद्याला आवाज जोडण्याची खटपट या मंडळींनी 'जॅझ सिंगर'च्या तेरा वर्षे आधी करून पाहिली होती.

१९५० ते ७० : रिकाम्या होत गेलेल्या रांगा

या तीन दशकांवर फार रेंगाळण्यासारखे काही नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्या कंपन्यांना चित्रगृहांची मालकी सोडायला लावली. वॉर्नरची थिएटरे १९५३ मध्ये स्टॅन्ली-वॉर्नर या वेगळ्या कंपनीकडे गेली. तोवर घराघरांत टेलिव्हिजन शिरला होता, आणि माणसे मोटारी घेऊन उपनगरांत राहायला निघाली होती. तिथल्या मॉलमध्ये लहान पडद्यांची थिएटरे निघाली. जर्नल स्क्वेअरला मोटार लावायला जागा नव्हती.

मोठ्या थिएटरचे दुखणे त्याच्या मोठेपणातच असते. चार हजार खुर्च्यांच्या दालनात तीनशे माणसे बसली तरी बॉयलर सगळ्या दालनासाठीच पेटवावा लागतो. छप्पर तेवढेच मोठे असते आणि रखवालदारही तेवढेच लागतात. अशा वेळी मालक पहिल्यांदा दुरुस्तीचा खर्च कापतो. छपराची एक फट राहून जाते, आणि पाणी आत आपली वाट शोधते.

मधूनच जुने दिवस परतल्याचा भास होई. २६, २७ आणि २८ सप्टेंबर १९७२ या तीन रात्री ग्रेटफुल डेड या रॉक बँडचे कार्यक्रम इथे झाले. त्यांची ध्वनिमुद्रणे रसिक अजून जपून ऐकतात. व्हेनिसच्या चांदण्यांखाली लांब केसांची पोरे बेभान नाचत असल्याचे चित्र वेंटवर्थ यांच्या डोळ्यांपुढे नक्कीच आले नसेल. पण अशा रात्री मोजक्या. एप्रिल १९७८ मध्ये स्टॅन्ली बंद झाले.

त्यानंतर पाच वर्षे दार लावलेले. अमेरिकेतल्या शेकडो चित्रमहालांचे अशा अवस्थेत पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. अनेकांच्या जागी आज वाहनतळ आहेत.

१९८० चे दशक : श्रमदानाची दोन वर्षे

१९८३ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांनी ही इमारत विकत घेतली. त्यांचे मुख्यालय तेव्हा नदीपलीकडे ब्रुकलिनला होते. आठवड्याच्या सभांसाठी या पंथाची लहान 'राज्य सभागृहे' असतात. पण वर्षातून ठरावीक वेळा एका विभागातल्या अनेक मंडळ्या एकत्र जमतात. दिवसभर भाषणे, मुलाखती, गीते आणि प्रार्थना चालतात. नव्या सभासदांचा पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा होतो. त्यासाठी हजारोंना सामावणारी, रेल्वेच्या जवळची, पाऊसपाण्यात चालणारी जागा हवी. पूर्वी अशा कामाला शाळांची आणि क्रीडागृहांची दालने भाड्याने घेत. साठच्या दशकापासून स्वतःची संमेलनगृहे उभारण्याकडे कल झाला.

आमच्या मते स्टॅन्ली वाचले याचे खरे कारण इथे आहे. त्याच्याविषयी हळहळणारे पुष्कळ होते, आठवणी सांगणारेही होते. पण चार हजार खुर्च्या पुन्हा पुन्हा भरू शकेल असा माणूस एकही नव्हता. ज्या आकाराने थिएटरचा धंदा बुडाला, तोच आकार या मंडळींना हवा होता. शिवाय त्यांच्या उपासनेत वेदी नाही, मूर्ती नाही, क्रूस नाही, धूपदीप नाही. व्यासपीठावरून एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी बायबल उघडून ऐकायचे. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वक्ता दिसावा आणि ऐकू यावा, हे काम वेंटवर्थ यांनी १९२८ मध्येच करून ठेवले होते. जुन्या थिएटरात देऊळ, मशीद किंवा कॅथलिक चर्च करायचे तर बरेच मोडावे लागते. इथे मोडण्यापेक्षा दुरुस्त करण्याचेच काम अधिक होते.

काम केले स्वयंसेवकांनी. साक्षीदारांत हा प्रघात जुना आहे. राज्य सभागृह बांधायचे तर त्या भागातले सुतार, गवंडी, वायरमन, नळजोडणी करणारे सुटीच्या दिवशी हत्यारे घेऊन येतात. ज्यांना कसब नाही ते ओझी वाहतात, झाडतात, स्वयंपाक करतात, आणि करता करता एखादे काम शिकतात. वर्गणीचे ताट फिरवत नाहीत, दारापाशी पेटी असते. याच पद्धतीने, पण नेहमीच्या कितीतरी पट मोठ्या मापाने, स्टॅन्लीचे काम झाले.

अशा कामाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. जुन्या थिएटरातली नक्षी दगडाची वाटते, पण ती बहुतेक प्लास्टरची असते. पाणी मुरले की ती फुगते, पिठासारखी होते आणि तुकड्यांनी गळते. मग शाबूत राहिलेल्या एका फुलाचा, पानाचा किंवा सिंहमुखाचा साचा घ्यायचा, त्यात नवे प्लास्टर ओतायचे, सुकले की जागेवर बसवायचे आणि शेजारच्या जुन्या रंगाशी रंग जुळवायचा. तो जुना रंग सिगारेटच्या धुराने काळवंडलेला असतो, म्हणून आधी काजळी काढून मूळ छटा शोधावी लागते. सोनेरी काम कुंचल्याने बोटाएवढ्या जागेपासून सुरू होते. छताला हात पोचायचा तर आधी परांची उभारायची, आणि एवढ्या उंच दालनात परांची बांधणे हेच कित्येक दिवसांचे काम. झुंबर खाली उतरवायचे, त्याचा एकेक लोलक काढून धुवायचा, पुसायचा आणि पुन्हा त्याच्या त्याच तारेत ओवायचा. चार हजारांवर खुर्च्यांची गादी आणि कापड बघायचे. हे सगळे डोळ्यांना दिसणारे; भिंतीआडच्या वायरी, नळ, बॉयलर, छपराचे डांबर यांकडे नंतर कुणी मान वर करून बघत नाही, पण त्यांवाचून बाकीचे टिकत नाही. मजुरी देऊन हे करायचे तर कुठल्याही थिएटर कंपनीचे दिवाळे निघाले असते. सगळे नोकरीधंद्यातून सवड काढून, फुकट राबायला आले म्हणूनच हिशेब जुळला.

या माणसांची नावे आम्ही देत नाही, आणि शोधूनही ती दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेली सापडणार नाहीत. अमुक पंखा अमक्याच्या स्मरणार्थ, तमुक बाक तमक्याकडून, अशा पाट्यांत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे थोडे सुने वाटते. तरी या रिवाजाचा मान राखून श्रेय सर्वांचे मिळून एकच मानतो.

१९८५ मध्ये दुरुस्त झालेले स्टॅन्ली संमेलनगृह म्हणून उघडले. एवढी मोठी जागा करमणुकीकडून धर्मकार्याकडे गेली की कुठल्याही गावात दोन मते पडतात. कराचा प्रश्न निघतो, पुन्हा नाटक-सिनेमा का नको असा सवालही निघतो. त्या चर्चा झाल्या आणि निवल्या. त्यांचा तपशील उगाळण्याची ही जागा नव्हे.

याच वर्षांत चौकाच्या दुसऱ्या अंगाला न्यूअर्क अव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकाने वाढत होती. साड्या, डाळी, मिठाई, कॅसेट. रिकाम्या पडलेल्या गाळ्यांत भाडे कमी होते. म्हणजे चौक ओस पडला तेव्हा तिथे दोन प्रकारची माणसे शिरली: एकांनी थिएटर घेतले, दुसऱ्यांनी दुकाने. १९८७ मध्ये 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने भारतीयांवर हल्ले केले, ते भीतीचे दिवसही याच रस्त्याने पाहिले. आणि साक्षीदारांच्याच बाबतीत सांगायचे तर, भारतात १९८६ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या तीन साक्षीदार विद्यार्थ्यांना न्याय दिला. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. या पंथाचे भारतातले कार्यालय १९२६ मध्ये मुंबईत सुरू झाले, पुढे अनेक वर्षे ते आपल्या लोणावळ्यात होते, आणि नंतर बेंगळुरूला गेले. 'टेहळणी बुरूज' हे त्यांचे नियतकालिक मराठीतही निघते. दारावरची बेल वाजवून ते हाती देणारी हसतमुख जोडपी आमच्यातल्या अनेकांना परिचित आहेत. घेणे न घेणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. त्याबद्दल या स्मरणिकेचे काही म्हणणे नाही.

१९९० चे दशक : समोरचे भावंड

स्टॅन्लीचा इतिहास लोज जर्सीवाचून पुरा होत नाही. हे थिएटर १९८६ मध्ये बंद झाले आणि ते पाडून कार्यालये बांधायचा बेत ठरला. गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या, सभा गाजवल्या, आणि १९९३ मध्ये जर्सी सिटीने ते विकत घेतले. तिथेही स्वयंसेवकच उतरले. 'फ्रेंड्स ऑफ द लोज' या नावाने त्यांनी शनिवार-रविवार राबून इमारतीत पुन्हा दिवे लावले, जुने चित्रपट दाखवले. पुढे मंडळींत आणि पालिकेत मतभेद झाले, ते ज्यांचे त्यांनी मिटवले. दोन्हीकडे हात स्वयंसेवकांचेच होते. फरक एवढाच की स्टॅन्लीच्या स्वयंसेवकांना काम संपल्यावर काय करायचे हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि लोजच्या स्वयंसेवकांना दर हंगामात प्रेक्षक शोधावा लागला. म्हणून दुसऱ्यांचे कष्ट कमी मोलाचे ठरत नाहीत, उलट जास्तच मोलाचे वाटतात. स्टेट थिएटरला मात्र कुणीच वाली भेटला नाही. ते पाडले गेले.

२००० आणि २०१० ची दशके

या काळात संमेलनगृहाचा दिनक्रम बसला. विभागीय संमेलने, विशेष दिवस, मिशनऱ्यांना तयार करणाऱ्या गिलियड प्रशालेचे आधीपासून चालत आलेले पदवीदान, आणि ऑक्टोबरात भरणारी त्यांच्या पेन्सिल्वेनियातल्या नोंदणीकृत संस्थेची वार्षिक सभा. ५ ऑक्टोबर २०१३ रोजी अशाच १२९ व्या वार्षिक सभेत त्यांच्या 'न्यू वर्ल्ड ट्रान्स्लेशन' या बायबलच्या भाषांतराची सुधारित इंग्रजी आवृत्ती याच इमारतीत प्रसिद्ध झाली. या पंथाच्या अधिवेशनांत वेशभूषा करून बायबलमधले प्रसंग नाटकरूपाने सादर करण्याचीही जुनी प्रथा होती, तेव्हा रंगमंचाशी त्यांनी वैर धरले नव्हते असे म्हणायला हरकत नाही. २०१६ मध्ये मुख्यालय ब्रुकलिन सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या वॉर्विकला गेले. संमेलनगृह जागीच राहिले.

आज

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे साक्षीदारांनी जगभरच्या प्रत्यक्ष सभा थांबवल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून त्या पुन्हा सुरू केल्या. मधल्या दोन वर्षांत ज्यांना कामाला जाताना रोज स्टॅन्लीवरून जावे लागे, त्यांना १९७८ ची आठवण झाली असेल; पण या वेळी आत देखभाल चालू होती.

चौकात आता चाळीस-पन्नास मजली निवासी मनोरे चढले आहेत. त्यांत हिंजवडी-खराडीहून थेट इथे आलेली मराठी तरुण मंडळीही पुष्कळ आहेत. संमेलनाच्या दिवशी सकाळी नदीखालच्या त्या रेल्वेच्या, म्हणजे आजच्या 'पाथ'च्या स्थानकातून इस्त्रीच्या कोटातले पुरुष, लांब झग्यातल्या बायका आणि हातात पुस्तकपिशव्या घेतलेली मुले रांगेने बाहेर पडतात. रस्ता ओलांडायला मदत करणारे, दाराशी जागा दाखवणारे, प्रसाधनगृहे झाडणारे सगळे त्यांच्यातलेच. इंग्रजीखेरीज इतर भाषांतही संमेलने होतात. दुपारच्या सुटीत बरेच जण घरचा डबा उघडतात, आणि काही जण न्यूअर्क अव्हेन्यूवर डोसा खायला येतात.